विमान किती दिवसांत शिकायचे, हे कोण ठरवते?

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेली आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता उघडपणे म्हणू लागली आहेत की, आम्हाला वैमानिक व्हायचे आहे. याचा आनंद आहेच. पण हे स्वप्न बोलून दाखवताच त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो गतीचा. फ्लाइंग स्कूलची जाहिरात सांगते, रोज उडा आणि वर्षभरात कमर्शियल पायलट लायसन्स घेऊन जा. घरची माणसे सांगतात, एवढी घाई कशाला, नोकरी करत, पैसे साठवत हळूहळू शिक. दोन्हीकडचे लोक हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा आणि आवडीचा प्रश्न समजतात. माझे म्हणणे असे आहे की, हा मुळात पैशाचा प्रश्न आहे. शिकणाऱ्याच्या वेळेची किंमत कोण भरतो, त्यावर त्याची गती ठरते.

नियम काय सांगतो?

१९३७ च्या विमान नियमांप्रमाणे सीपीएलसाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, आणि ते अर्ज करण्याच्या आधीच्या पाच वर्षांतले असावे लागते. त्यातले किमान १०० तास वैमानिकाने स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले असावेत आणि या १०० पैकी १५ तास शेवटच्या सहा महिन्यांतले असावेत. याचा साधा अर्थ असा की, हळू शिकायला नियमाची मनाई नाही, पण हळू शिकण्याला मुदत आहे. जो पैसे जमतील तसे वर्षाला वीस-पंचवीस तास उडतो, त्याचे पाच वर्षांत २०० तास भरतच नाहीत. सहाव्या वर्षी त्याचे पहिल्या वर्षीचे तास हिशेबातून गळू लागतात.

दुसरी गोष्ट हाताच्या सरावाची. विमान उतरवणे हे पुस्तकातून येत नाही. धावपट्टीजवळ येताना वेग किती ठेवायचा, आडवा वारा असेल तर नाक किती वळवायचे, चाके टेकण्याआधी विमान किती उचलून धरायचे, हे हातापायांत मुरावे लागते. आठवड्यातून चार दिवस उडणाऱ्याच्या अंगात ते टिकते. महिना-दीड महिन्याने एकदा उडणाऱ्याचा पुढचा तास मागचे आठवण्यात जातो आणि त्या तासाचेही पूर्ण पैसे भरावे लागतात. म्हणून गरिबाचे शिक्षण श्रीमंताच्या शिक्षणापेक्षा महाग पडते. ज्याच्याकडे एकदम भरायला पैसे आहेत तो कमी तासांत संपवतो. ज्याच्याकडे नाहीत तो तुकड्यातुकड्यांनी जास्त भरतो.

तेव्हा वेगवान आणि संथ एवढे दोनच प्रकार मानणे चुकीचे आहे. तिसरा प्रकार आहे खंडित शिक्षणाचा, आणि आपल्या वाट्याला बहुतेक वेळा तोच येतो. संथ शिकणारा स्वतः ठरवून थांबतो. खंडित शिकणाऱ्याला थांबवले जाते.

१९२९ ची दोन चित्रे

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. ते उत्तम वैमानिक होते, यात वाद नाही. पण त्याच वर्षीचे दुसरे चित्रही पाहा. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढण्याचा हक्क मागत होते आणि दगड खात होते. एका समाजाचा तरुण आकाशात चढत असताना दुसऱ्या समाजाला पायऱ्या चढू दिल्या जात नव्हत्या. तेव्हा विमान शिकण्याची जागा फ्लाइंग क्लब होती, आणि क्लबात संस्थानिक, उद्योगपती, बडे अधिकारी यांची मुले जात.

पुढे महायुद्ध आले आणि ब्रिटिशांना घाईने वैमानिक हवे झाले. १९४० मध्ये भारतातून २४ वैमानिक इंग्लंडला गेले. निवड झाली ती आधीच परवाना असलेल्यांची. म्हणजे युद्धाच्या घाईचा फायदाही त्यांनाच झाला, ज्यांना शांततेच्या काळात निवांत शिकायला मिळाले होते. संधी वेगाने येते तेव्हा ती तयार माणसाला उचलते, आणि तयारीला आधी पैसा लागतो.

सैन्याचे दार आपल्याला नवे नव्हते. महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली, आणि ती पुन्हा सुरू करा म्हणून याच पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये इंग्लंडच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला होता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. शौर्य सिद्ध केलेल्या समाजाला बंदूक परत मिळवायलाच अर्धे शतक लागले. विमान तर फार दूर होते.

बाबासाहेबांचे खंडित आणि सलग शिक्षण

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसे संपले होते. विद्यापीठाने परत येण्यासाठी चार वर्षांची सवलत दिली होती. म्हणजे तिथेही घड्याळ चालू होते.

मधल्या काळात त्यांनी काय केले ते महत्त्वाचे आहे. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. ही बेरीज जमल्यावर १९२० मध्ये ते लंडनला गेले आणि मग मध्ये थांबले नाहीत. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. थांबावे लागले तेव्हा तयारी केली आणि तयारी झाल्यावर सलग पूर्ण केले.

आपल्यावर जे गुदरले ते पुढच्या पिढीवर गुदरू नये, याचीही त्यांनी सोय पाहिली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाचा मुद्दा नेमका होता. कला आणि कायद्याच्या पदव्यांपेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण समाजाला वर नेईल. ते महाग असल्याने सरकारी मदतीवाचून आपल्या मुलांच्या हाती लागणार नाही. देशातल्या अशा शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख रुपये त्यांनी मागितले. पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीचे मूळ त्या काळातल्या या प्रयत्नांत आहे. पुढे याच योजनेच्या अभ्यासक्रमांच्या पहिल्या गटात सीपीएलचे नाव आले. जो विद्यार्थी आज या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, तो १९४२ च्या त्या निवेदनाचा वारस आहे.

सातासमुद्रापलीकडचे सोबती

अमेरिकेत बेसी कोलमन या कृष्णवर्णीय तरुणीला एकही फ्लाइंग स्कूल घेईना. शिकागोत लोकांची नखे रंगवण्याचे काम करत ती फ्रेंच शिकली, १९२० मध्ये फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी आंतरराष्ट्रीय परवाना घेतला. तयारीला वर्षे गेली, प्रत्यक्ष उड्डाण मात्र काही महिन्यांत सलग शिकून झाले. पुढे १९४१ मध्ये टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी लष्करी उड्डाण प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीत १३ जण होते, मार्च १९४२ मध्ये त्यातले पाच उत्तीर्ण झाले. हे कृष्णवर्णीयांना जमणारच नाही असे म्हणणाऱ्यांना त्यांनी युद्धात उत्तर दिले. तिथे खर्च सरकारने केला होता, हे विसरू नका.

पायरी गाळली की काय होते

मग वेगच चांगला का? नाही. याचे उत्तरही पुण्यातच आहे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. मुलाच्या माथी चूक मारून प्रकरण मिटवू नका, असे म्हणत त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी हवाई दलाच्या विमानांचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न देशापुढे लावून धरला. त्या काळी तरुण वैमानिक किरणसारख्या सौम्य विमानावरून ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने उतरणाऱ्या मिगवर जात. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, असे ला फॉन्तेन समितीने १९८२ मध्येच सांगितले होते. हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि बीदरला ती हवाई दलात दाखल झाली २००८ मध्ये. सव्वीस वर्षे एक पायरी गाळली गेली. सरकारने वाचवलेल्या खर्चाची किंमत कोवळ्या वैमानिकांनी मोजली. ही लढाई लढणाऱ्या आईच्या बाजूने आपण उभे राहायला हवे, कारण पायरी गाळण्याचा धोका सगळ्यांनाच आहे.

खासगी प्रशिक्षणातही हेच लागू होते. हिवाळ्याच्या शांत हवेत तास भरून काढलेल्याने एप्रिल-मेचा दुपारचा वळीव आणि जूनचे ढग पाहिलेले नसतात. हवामानाचा अंदाज ऋतू पाहूनच येतो. सलग शिका, पण पायरी गाळू नका.

मग आपण काय करायचे?

माझे सूत्र सरळ आहे: जमिनीवरचा अभ्यास सावकाश, आकाशातला सलग. वैद्यकीय तपासणी सर्वात आधी करून घ्या. कर्ज काढल्यावर अपात्र ठरणे हा सर्वात मोठा घात. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमान नियम, तांत्रिक विषय यांचा अभ्यास नोकरी करत, वस्तीतल्या अभ्यासिकेत, गट करून होऊ शकतो. शेवटच्या तासापर्यंतची पैशाची तजवीज दिसत नसेल तर पहिला तास उडू नका. बारावीत असाल तर खडकवासल्याचा एनडीए विसरू नका. तिथे तीन वर्षांचा खर्च सरकार करते, आणि २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींसाठीही ते दार उघडले आहे. मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून उत्तीर्ण झाल्या.

कार्यकर्त्यांनी मागणीही नेमकी केली पाहिजे. नुसती शिष्यवृत्ती वाढवा म्हणून भागणार नाही. आधी उडा, पैसे वर्षाअखेरीस मिळतील, हा हिशेब इथे चालत नाही, कारण पैसे जमा झाल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. रक्कम उड्डाणाच्या टप्प्यांप्रमाणे आणि आगाऊ मिळाली पाहिजे. हप्ता अडला की विद्यार्थ्याचे तास वाया जातात, हे समाजकल्याणच्या फायलीवर लिहून द्या. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये आकड्यांसह मागणी केली होती. आपणही आकड्यांसह करू.

जय भीम!