नांदेडच्या गावांना तेलंगणात का जायचं होतं?

२०१८ मध्ये नांदेडच्या धर्माबाद भागातील सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली. पलीकडच्या शेतकऱ्यांना ‘रयतू बंधू’ योजनेत एकरी, दर हंगामाला ४ हजार रुपये आणि शेतीला २४ तास मोफत वीज मिळत होती.

नांदेड, लातूर आणि तेलंगणा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. आज तेलंगणाचं दरडोई उत्पन्न महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे. अर्थात, त्या सरासरीत हैदराबाद शहराचा वाटा मोठा आहे.

कन्व्हर्जन्स म्हणजे काय?
मागे पडलेला भाग वेगाने वाढून श्रीमंत शेजाऱ्याला गाठतो, त्याला कन्व्हर्जन्स म्हणतात. रॉबर्ट सोलो यांच्या १९५६ च्या मांडणीनुसार जिथे यंत्रं, रस्ते, कारखाने कमी, तिथे नव्या गुंतवणुकीचा फायदा जास्त होतो.

मग मराठवाडा मागे का?
कारण हे आपोआप होत नाही. त्यासाठी पाणी, कौशल्य आणि रोजगार एकाच ठिकाणी लागतात. ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर-इंजिनिअर घडवले, पण त्याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. शिकलेली मुलं पुणे-हैदराबादला गेली की त्यांच्या कौशल्याची कमाईही तिकडेच मोजली जाते.

थोडक्यात काय?
अनुदानाने यंदाचा हंगाम निभावतो. शेजाऱ्याला गाठायचं तर सिंचन आणि स्थानिक रोजगारच हवा. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला होता. तो भरून निघाला असता, तर गावांनी राज्य बदलायची भाषा केली असती का?