निरंक

सरकारी कागदपत्रांत ‘निरंक’ असा एक शब्द आहे. रकान्यात नोंदण्याजोगे काही नसले, तर कारकून तो कोरा सोडीत नाही. तेथे ‘निरंक’ लिहून मोकळा होतो. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांत मास्तरकी करताना हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल, आणि प्रत्येक वेळी काहीसा वैतागूनच. त्याची खरी योग्यता मला निवृत्तीनंतर कळली. तीही शाळेत नव्हे, तर सेलू तालुक्यातल्या एका लहानशा तलावाच्या काठी, पाखरे मोजता मोजता.

पाखरे मोजतो असे सांगितले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, “त्याचे काय मिळते?” मिळत काहीच नाही. आम्ही पाचसहा जण दर जानेवारीत आपापल्या पैशाने, आपापली भाकर बांधून तलावांवर जातो. आशियातल्या पाणपक्ष्यांची ही गणना १९८७ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून देशोदेशीचे हौशी लोक हिवाळ्यात ती करीत आले आहेत. पद्धत अगदी साधी आहे. सूर्य पाठीशी घेऊन बसायचे. एकाने दुर्बिणीतून पाहून आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. थवा मोठा असला, तर आधी दहा पाखरे मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा, आणि असे किती तुकडे पाण्यावर आहेत ते मोजीत जायचे. मग दुर्बीण दुसऱ्याच्या हाती देऊन तेच काम पुन्हा पहिल्यापासून. दोघांचे आकडे फार वेगळे आले, तर तिसऱ्यांदा.

‘काय मिळते’ या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे म्हणून मी थोडी जुनी पाने चाळू लागलो. तेव्हा असे दिसले, की पाखरांचा हिशेब ठेवण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. नवे आहे ते इतकेच, की आता हिशेब जिवंत पाखरांचा ठेवायचा असतो.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला १८८५ सालच्या राष्ट्रीय सभेमुळे ठाऊक असते. ज्या सभेच्या कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी आमच्या वर्ध्यात ‘चले जाव’चा ठराव केला, त्या सभेचा हा एक संस्थापक. परंतु सभा स्थापन होण्याआधी कित्येक वर्षे हा गृहस्थ हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या मागे लागलेला होता. १८७२ साली त्याने पक्ष्यांविषयी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक काढले. मुलखातून माणसे पाखरे मारून, कातडी सोलून, पेंढा भरून त्याच्याकडे धाडीत. पाऊण लाखाहून अधिक नमुने त्याच्या शिमल्याच्या बंगल्यात जमले. या साऱ्यावर एक महाग्रंथ लिहावा म्हणून त्याने वर्षानुवर्षे टिपणे केली. आणि एका हिवाळ्यात तो शिमल्याबाहेर असताना नोकराने ती टिपणे बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. ह्यूमचे मन त्यावरून उडाले. १८८५ साली त्याने सारा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. पुढे हा माणूस शाकाहारी झाला. कातडी राहिली, टिपणे गेली. वही जपून ठेवावी, हा धडा मी त्याच्यापासून घेतला आहे.

आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात मोडे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे आपल्या अजब बंगल्याचे, क्युरेटर ई. ए. डी’अब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी तयार केली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती १९३५ साली छापून आली. त्या काळी पुरावा म्हणजे संग्रहालयाच्या कपाटातले कातडे आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. हे पाखरू अमुक ठिकाणी, अमुक तारखेला मारले. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा, कारण पाखरू समोर पडलेले असे.

याच रीतीचे टोक पाहायचे तर भरतपूरला जावे. तेथल्या केवलादेवच्या तलावावर एक दगडी नोंद आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या पाहुण्यासाठी, किती बंदुकींनी किती पाखरे पाडली, ते तीवर ओळीने कोरलेले आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो याच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. योगायोग असा, की १२ नोव्हेंबर हाच सालीम अलींचा जन्मदिवस. त्या दिवशी त्यांना बेचाळीस वर्षे पुरी झाली होती.

त्याच १९३८ साली, मार्च महिन्यात, खालावलेली प्रकृती घेऊन विनोबा पवनारला आले आणि धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहू लागले. भरतपूरचा तलाव आणि पवनारची नदी यांचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याची माझी इच्छाही नाही. पण जुन्या सालांची टाचणे करताना हे दोन प्रसंग एकाच पानावर आले, तेव्हा मी थोडा वेळ लेखणी खाली ठेवली एवढे खरे.

सालीम अली स्वतः बंदुकीतूनच पक्ष्यांकडे आले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिचा कंठ पिवळा दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला ते नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथून त्यांचे आयुष्य पालटले. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पाखरे मारली आणि ते कधी लपवले नाही. परंतु १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाची सोय झाली. पाखरू हातात न घेता, दुरून रंग, चोच, चाल पाहून त्याचे नाव सांगता येऊ लागले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. बंदूक गेली, दुर्बीण आली. पण त्याबरोबर एक अडचणही आली, तिच्याकडे मी पुढे वळेन.

आधी आमच्या पाण्याविषयी चार शब्द. वर्धा जिल्हा हा काळ्या मातीचा, कापसाचा. भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांचे जाळे आहे, तसे आमच्याकडे नाही. आमचे पाणी बहुतेक धरणांचे: बोर नदीवरचे बोरधरण, धामवरचे महाकाळीचे धरण, आर्वीकडचे निम्न वर्धा, आणि ठिकठिकाणचे लहान पाझर तलाव. बोरचे अभयारण्य १९७० साली झाले, २०१४ साली तो व्याघ्रप्रकल्प झाला. म्हणून तेथे जाणारा प्रत्येक जण वाघाचीच चौकशी करतो. धरणाच्या पाण्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ते पाणी गव्हा-हरभऱ्यासाठी अडवलेले. पण हिवाळ्यात कालवे सुटले, की पाणी हळूहळू मागे सरकते, काठचा चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात किडे, शिंपले, पाणवनस्पतींचे कंद असे सारे ताट वाढलेले असते. तुतवारांपासून चक्रवाकापर्यंत सारे त्यावर येऊन बसतात. चक्रवाक लडाख-तिबेटकडचा. आपण शेतकऱ्यासाठी बांधले आणि हिमालयापलीकडच्या पाहुण्याने ते आपले मानले. पाणी फार लवकर आटले, किंवा काठाकाठाने माती उपसली गेली, की पाहुणा पुढे जातो. तो तक्रार करीत नाही. म्हणूनच कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

या कामातला खरा आनंद नावांचा. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. काटकुळ्या लाल पायांवर उभा तो शेकाट्या. चपट्या चोचीने पाणी ढवळणारा तो चमच्या. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी ती टिबुकली. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ फिरताना अशी नावे ढीवर, गोंड, कोहळी यांच्या तोंडून वेचली आणि मराठीला दिली. पद्मश्री मिळाली त्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालीम अलींचा १२. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र सरकारने २०२० साली पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. आमच्या वर्ध्यात तर बहार नेचर फाउंडेशनने २०१८ साली शहरपक्ष्याची निवडणूकच घेतली. मुलाबाळांनी मते टाकली आणि नीलपंख निवडून आला.

आता ती अडचण. मेलेले पाखरू पुन्हा मोजता येते. ४,२७३ हा आकडा खोटा म्हणायला कोणी जाणार नाही, कारण त्या दिवशी तेवढा ढीग पडला होता. जिवंत पाखरू मात्र उडून जाते. मग मागे उरतो तो केवळ मोजणाऱ्याचा शब्द. आणि तो शब्द मी एकदा मोडला.

सेलूकडच्या त्या लहान तलावावर दर वर्षी चक्रवाकांचा एक थवा येत असे. एका जानेवारीत तलावाचे पाणी फार खाली गेले होते. आम्ही तीन तास बसलो. चक्रवाक एकही नाही. मला धास्ती वाटली. येथे काही नाही असे कागदावर गेले, तर हा तलाव कोणाच्या हिशेबात राहील? उद्या कोणी म्हणेल, पाखरे येत नाहीत तर जपायचे कशाला? बरोबरची मंडळी चहा प्यायला गेली असताना मी रकान्यात मागल्या वर्षीचाच आकडा लिहिला: २२. तलावाच्या भल्यासाठीच लिहितो आहे, असे मनाला बजावले.

दोन वर्षांनी एक कॉलेजची मुलगी आमच्या वह्या घेऊन गेली. तिने सुरेख आलेख काढून आणला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाली, “काका, बाकी सगळीकडे कमी-जास्त होतंय, पण या तलावावर चक्रवाक अगदी स्थिर आहेत. म्हणजे इथे काळजीचं कारण नाही.” मी आलेखाकडे पाहत राहिलो. ज्या वर्षी ओरडून सांगायला हवे होते, नेमके त्याच वर्षाचे तोंड मी बंद केले होते.

त्या संध्याकाळी मी एकटाच तलावावर गेलो. तेथला म्हातारा चौकीदार पाण्याची पातळी आणि पावसाची नोंद ठेवतो. का कोण जाणे, त्याच्याजवळ मी सारे बोलून गेलो. त्याने आपली वही उघडून दाखवली.

“पानी नाई पडलं त मी का लिवतो? निरंक लिवतो ना जी. पडलं असं लिवलं त सायेब म्हनन, मंग तळं काऊन आटलं? पाखराचं भी तसंच हाय, गुर्जी. नाई आले त नाई आले.”

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला घरी बोलावले. तिच्यासमोर २२ या आकड्यावर तांबडी रेघ ओढली, शेजारी ‘निरंक’ लिहिले आणि खाली सही करून तारीख घातली. ती काही बोलली नाही. आलेख मात्र तिने माझ्या टेबलावरच पुन्हा काढायला घेतला. रेघ एका ठिकाणी तळाला टेकली. त्या टेकलेल्या बिंदूवर बोट ठेवून तिने विचारले, “काका, त्या वर्षी पाणी किती होतं?” आम्ही चौकीदाराच्या वहीतून ते उतरवून आणले, आणि पाणी व पाखरे यांच्या दोन रेघा तिने एकाखाली एक काढल्या. दोन्ही एकाच वर्षी खाली आल्या होत्या. तिची ती दोन रेघांची कागदी घडी आता वहीतच ठेवली आहे.

गेल्या जानेवारीत त्या तलावावर पाच चक्रवाक आले. आम्ही तिघांनी तीनदा मोजले. पाचच होते. मी पाच लिहिले.