गरोदरपणातील रक्तदाब, दाबमापक आणि मोबाइल : बेळगाव जिल्ह्यातील प्रयोगाची ओळख

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागणे अथवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांवर ताण पडल्याची चिन्हे दिसणे, या अवस्थेला वैद्यकात प्रीएक्लॅम्प्सिया असे नाव आहे. ती बळावल्यास स्त्रीला आकडी येते. त्या टप्प्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात आणि तेथे आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. गरोदरपणातील उच्च रक्तदाबामुळे जगातील सुमारे १४ टक्के मातामृत्यू होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ मधील विश्लेषणात नोंदवले गेले होते.

या आजारावरील औषध नवे नाही आणि महागही नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने आकडीचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने २००२ मध्ये दाखवून दिले. अडचण आहे ती वेळेवर कळण्याची. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही. जाणवते ती डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढची अंधारी, आणि ती घरातल्या कामाच्या थकव्यात खपून जाते. म्हणून घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या हाती रक्तदाबमापक आणि त्याच्या आकड्यांचा अर्थ सांगणारा मोबाइल दिला तर काय साधेल, हा प्रश्न एका मोठ्या संशोधनाचा विषय झाला. त्या संशोधनाचे भारतातील क्षेत्र बेळगाव आणि बागलकोट हे दोन जिल्हे होते.

बेळगावची निवड योगायोगाने झालेली नाही. केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील स्त्री व बाल आरोग्य संशोधन विभागाने ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांशी बांधलेले नाते जुने आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या खेड्यातील परिचारिकांच्या हाती देण्याचा अभ्यास याच जिल्ह्यातील १,६२० स्त्रियांवर झाला आणि २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोळी घेतलेल्या गटात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलेले दिसले. डॉ. भालचंद्र कोडकणी व डॉ. शिवप्रसाद गौडर ही नावे तेव्हापासून या क्षेत्रात परिचित आहेत. डॉक्टर नसलेल्या आरोग्य सेविकेवर नेमकी, मर्यादित जबाबदारी सोपवता येते, हा विश्वास या कामातून आला. पुढील मोबाइलचा प्रयोग त्याच विश्वासावर उभा राहिला.

यंत्र आधी, अॅप नंतर

आरोग्यविषयक अॅपची चर्चा बहुधा पडद्यापासून सुरू होते. प्रत्यक्षात ती यंत्रापासून सुरू व्हायला हवी, कारण चुकीच्या मापावर कितीही हुशार अॅप चुकीचाच सल्ला देईल. बाजारातील अनेक स्वयंचलित रक्तदाबमापके निरोगी माणसाचा दाब ठीक दाखवतात. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रीचा मात्र खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. या आजारात रक्तवाहिन्यांची लवचिकता बदलते आणि अंगात सूज असते, त्यामुळे पट्ट्यात उमटणारी स्पंदने वेगळी होतात व यंत्राचे गणित फसते. म्हणजे ज्या स्त्रीसाठी यंत्र आणले, तिच्याच बाबतीत ते खोटा दिलासा देणार.

म्हणून गरोदर स्त्रियांवर आणि प्रीएक्लॅम्प्सियाच्या रुग्णांवर स्वतंत्रपणे तपासून पाहिलेली मायक्रोलाइफ कंपनीची यंत्रे अशा कामासाठी पुढे आली. ती अर्धस्वयंचलित आहेत : पट्ट्यात हवा हाताने भरायची, मोजणी यंत्राने करायची. हवा भरण्याची मोटार नसल्याने वीज फार थोडी लागते. भारनियमनाची सवय असलेल्या खेड्यात याचे मोल वेगळे सांगायला नको.

याच यंत्राची पुढची पिढी ‘क्रेडल’ या नावाने ओळखली जाते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अँड्र्यू शेनन यांच्या गटाने ती विकसित केली. मोबाइलच्या चार्जरवर ती चालते आणि चौकातील सिग्नलसारखे तीन रंग दाखवते. दाब १४०/९० च्या खाली असेल तर हिरवा, त्याच्यावर गेल्यास पिवळा आणि १६०/११० किंवा अधिक झाल्यास लाल. शिवाय नाडीच्या ठोक्यांना वरच्या दाबाने भागून येणारा एक निर्देशांक यंत्र स्वतः काढते. नाडी ११० आणि वरचा दाब १०० असेल तर तो १.१ येतो. हा आकडा ०.९ झाला की पिवळा दिवा लागतो, १.७ झाला की लाल. रक्तस्रावाने स्त्री खचू लागल्याची ती खूण आहे. दिव्यासोबत वर किंवा खाली रोखलेला बाण असतो, म्हणजे धोका दाब चढल्याचा आहे की रक्त गेल्याचा, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावे. या यंत्राची चाचणी आफ्रिका, हैती आणि भारतातील दहा ठिकाणी २०१६-१७ मध्ये झाली. भारतातील ठिकाण होते बेळगाव जिल्ह्यातील गोकाक. पाच लाखांहून अधिक बाळंतपणांचा हिशेब मांडल्यावर गंभीर दुष्परिणाम सुमारे आठ टक्क्यांनी घटलेले दिसले. मात्र ठिकाणाठिकाणांतील आणि काळानुसार पडणारा फरक गणितात धरल्यावर ही घट यंत्रामुळेच झाली असे ठामपणे म्हणता आले नाही.

आता मोबाइलविषयी. ‘क्लिप’ या नावाच्या चाचणीत वापरलेले अॅप ‘पिअर्स ऑन द मूव्ह’ हे होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पीटर फॉन डाडेल्सझेन व मार्क अँसरमिनो यांच्या गटांनी ते घडवले. त्याच्या पोटात ‘मिनीपिअर्स’ नावाचे समीकरण आहे, जे २०१४ मध्ये पाच देशांतील २,०८१ स्त्रियांच्या नोंदींवरून बांधले गेले. पहिलटकरीण आहे काय, कितवा आठवडा, डोके दुखते किंवा नजर धुरकट होते काय, छातीत दुखते अथवा धाप लागते काय, पोटदुखीसह रक्तस्राव आहे काय, वरचा दाब किती आणि लघवीच्या पट्टीवर प्रथिने किती, एवढ्या माहितीवरून पुढील ४८ तासांत आईला गंभीर इजा होण्याची शक्यता ते सांगते. रक्त तपासणीची प्रयोगशाळा लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर थेट फोनला जोडल्याने रक्तातील प्राणवायूचे प्रमाणही या हिशेबात आले.

या रचनेतील खरी कल्पकता समीकरणात नसून ते लपवण्यात आहे. कार्यकर्तीला शक्यतेची टक्केवारी वाचून निर्णय करायचा नसतो. वरचा दाब १६० च्या वर, किंवा समीकरणाने काढलेली शक्यता २५ टक्के वा अधिक, किंवा धोक्याची इतर ठरावीक चिन्हे, यांपैकी काही आढळले की अॅप काय करायचे तेच सांगते : मिथिलडोपाच्या गोळ्या द्या, मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन द्या, चार तासांच्या आत रुग्णालयात पोहोचवा. धोका सौम्य असेल तर चोवीस तासांची मुदत.

आकडे काय सांगतात

क्लिप चाचणी नोव्हेंबर २०१४ ते फेब्रुवारी २०१७ या काळात भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक या तीन देशांत झाली. (बेळगावचे नाव कर्नाटक शासनाने अधिकृतपणे बेळगावी केले तेही १ नोव्हेंबर २०१४ रोजीच, संशोधन निबंधांत आढळते ते नवे नाव.) तिन्ही देशांतील ४४ समूहांतील ६९,३३० गरोदर स्त्रियांची नोंद झाली. निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि ते उत्साहावर पाणी टाकणारे होते. आई किंवा बाळाचा मृत्यू अथवा गंभीर आजार यांचे एकत्रित प्रमाण अॅप वापरलेल्या समूहांत २४ टक्के आणि न वापरलेल्या समूहांत २२ टक्के निघाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. केवळ भारतातील १४,७८३ गरोदरपणांचा डॉ. मृत्युंजय बेल्लद व सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेबही तेच सांगतो.

मात्र त्याच अहवालातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. अॅपच्या समूहांतील ३६,००८ स्त्रियांपैकी प्रत्यक्ष भेट मिळाली ती २०,८१९ जणींना, म्हणजे ५७.८ टक्के. दर चार आठवड्यांनी एक भेट हा नियम त्यांतील जेमतेम निम्म्या जणींच्या बाबतीत पाळला गेला. अॅप आहे, यंत्र आहे, पण दारात कोणी आलेच नाही, तर त्या अॅपची परीक्षा झाली असे कसे म्हणावे? भारतातील समूहांत ज्यांना आठ किंवा अधिक भेटी मिळाल्या, त्यांच्यात मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण एकही भेट न मिळालेल्यांच्या तुलनेत खूपच कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ पासून गरोदरपणात किमान आठ तपासण्यांची शिफारस केली आहे. अर्थात हा आकडा वाचताना सावध राहायला हवे. ज्या स्त्रीचे गरोदरपण अठ्ठाविसाव्या आठवड्यातच दुर्दैवाने संपले, तिला आठ भेटी मिळण्याची संधीच कमी होती. भेटींमुळे बाळ वाचले, की बाळ वाचले म्हणून भेटी वाढल्या, हा गुंता निव्वळ अशा तुलनेने सुटत नाही.

चाचणीपूर्वी याच भागात झालेल्या गटचर्चांतून निघालेली माहिती अॅप घडवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. कन्नडमध्ये आकडीला आणि रक्तदाबाला शब्द आहेत, पण गरोदरपणातील या विशिष्ट आजाराला नाही. दाब वाढतो तो काळजीने व निकृष्ट आहाराने, आणि आकडी येते ती अशक्तपणाने किंवा आग-पाण्याच्या संपर्काने, असा समज आढळला. आकडी आल्यावर कांदा हुंगवणे, हातात लोखंडी वस्तू देणे, हातापायांची बोटे दाबणे हे उपाय सर्रास होत. पण त्यापायी रुग्णालयात नेण्यास उशीर केला जात नाही, असेही लोकांनी सांगितले. हे उपाय सीमेच्या मराठी बाजूच्या वाचकालाही अनोळखी वाटणार नाहीत.

सीमाभागाची अडचण

निपाणीसारख्या गावाचा विचार केला की अॅपच्या रचनेतील एक गृहीतक उघडे पडते. पुणे-बंगळूर महामार्गावरील हे गाव तंबाखू आणि विड्यांसाठी ओळखले जाते. येथील अनेक घरांत बोली मराठी आहे, सरकारी कागद कन्नडमध्ये. गरोदर स्त्रीला मिळणारे माता कार्ड कर्नाटकात ‘तायी कार्ड’ या नावाने येते. तिला ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात काय’ असे विचारले तर ती चटकन हो म्हणेल. कन्नडमधील औपचारिक प्रश्नाचे तोंडी भाषांतर करून विचारले तर उत्तर काय येईल, याची खात्री देता येत नाही. मिनीपिअर्सच्या समीकरणात हा प्रश्न आहे, म्हणजे भाषेतील चूक थेट गणितात उतरते. सीमाभागात अॅप दोन्ही भाषांत हवे, आणि मराठी पुस्तकी नसावी.

दुसरी अडचण माहेरपणाची. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आजही मोडलेली नाही. सासर गोव्यात किंवा कोल्हापूर जिल्ह्यात आणि माहेर निपाणी-चिकोडीकडे असलेली स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात राज्याची हद्द ओलांडते. नेमक्या त्याच आठवड्यांत प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका वाढत असतो. आधीच्या सहा महिन्यांतील दाबाच्या नोंदी एका राज्याच्या आशाताईकडे राहतात आणि दुसऱ्या राज्यातील आशाताई कोऱ्या पानापासून सुरुवात करते. १३०/८५ हा आकडा एकटा पाहिला तर साधा वाटतो. तीच स्त्री चौथ्या महिन्यात १००/६० वर होती हे ठाऊक असेल तर तो साधा राहत नाही. संदर्भसेवेचेही तसेच. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडते, तेव्हा अॅपने ‘जिल्हा रुग्णालयात न्या’ एवढेच सांगून भागत नाही. कोणत्या वाटेने, हे स्थानिक माणसालाच भरावे लागते. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे कर्नाटकात ६९ आणि महाराष्ट्रात ३३ होते. राज्याच्या सरासरीवरून सीमेवरच्या गावाची स्थिती ठरवता येत नाही, हे खरे. तरी दोन व्यवस्थांमधील अंतर त्यातून दिसते.

नोंदींचे हे तुटलेपण सांधण्याची सोय कागदावर तरी आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखालील चौदा अंकी आभा क्रमांक सर्व राज्यांत एकच राहतो. कायद्याची बाजूही बदलली आहे. १ एप्रिल २०२० पासून निदान वा उपचारासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर देशात वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येते, म्हणजे जोखीम काढून औषध सुचवणारे अॅप हे आता निव्वळ अॅप मानले जात नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने संमतीचा प्रश्नही आणला आहे. ज्या घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या किंवा दिराच्या हाती असतो, तेथे ही संमती नेमकी कोणाकडून घ्यायची, याचे उत्तर अॅप बनवणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठरवावे लागते.

ही सोय प्रत्यक्षात येईपर्यंत कागदाला पर्याय नाही. माहेरी निघालेल्या स्त्रीने माता कार्ड सोबत न्यावे; त्यावर प्रत्येक तपासणीची तारीख, वरचा व खालचा दाब, लघवीतील प्रथिनांचा निकाल आणि चालू औषधे लिहून घ्यावीत. विसाव्या आठवड्यानंतर तीव्र डोकेदुखी, नजर धुरकट होणे, बरगडीखाली पोटात कळ, धाप लागणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आल्यास दाब त्याच दिवशी मोजून घ्यावा. तो १६०/११० किंवा अधिक असेल तर घरी थांबू नये. रुग्णवाहिकेसाठी गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत १०८ हाच क्रमांक आहे.