आर्कराइटचे पेटंट आणि उशिरा आलेला पुरावा (१७८५)

इंग्लंडमधील सूतउद्योगाच्या इतिहासात रिचर्ड आर्कराइटच्या यंत्रांइतकेच त्याच्या खटल्यांनाही महत्त्व आहे. १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचे व १७७५ मध्ये पिंजण व तत्सम यंत्रांचे पेटंट त्याने मिळविले. वापराचे परवाने विकून तो गिरणीमालकांकडून पैसा घेत असे. पहिल्या पेटंटची चौदा वर्षांची मुदत १७८३ मध्ये संपली. त्यामुळे परवान्यांची सारी भिस्त दुसऱ्यावर राहिली.

१७८१ मध्ये कर्नल मॉर्डंटविरुद्धचा दावा तो हरला, कारण यंत्राचे लेखी वर्णन अपुरे ठरले. फेब्रुवारी १७८५ मध्ये नाइटिंगेलविरुद्ध मात्र तो जिंकला. दोन्ही वेळा वाद वर्णनापुरताच होता. मूळ संशोधक कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नव्हता. या विजयाने गिरणीमालक धास्तावले आणि पेटंट रद्द करण्यासाठी राजाच्या नावाने कार्यवाही सुरू झाली.

२५ जून १७८५ रोजी न्यायमूर्ती बुलर यांच्यासमोर टॉमस हाइज व वॉरिंग्टनचा घड्याळजी जॉन के यांनी प्रथमच साक्ष दिली. रुळांची मूळ कल्पना हाइजची असून ती के याच्यामार्फत आर्कराइटकडे गेली, असा तिचा आशय होता. सोळा वर्षांनी आलेला हा पुरावा ग्राह्य धरला गेला. आर्कराइटला मात्र स्वतः साक्ष देता येत नव्हती. खटल्यातील पक्षकार साक्षीस अपात्र, हा तत्कालीन कायद्याचा नियम होता व इंग्लंडमध्ये तो १८५१ पर्यंत टिकला. ज्युरीने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला.

नोव्हेंबरमध्ये आर्कराइटच्या वकिलांनी हाइजच्या साक्षीचे खंडन करणारी शपथपत्रे पुढे करून फेरसुनावणी मागितली. ती नाकारण्यात आली आणि १४ नोव्हेंबरला पेटंट रद्द झाले. हा नकार अन्याय्य म्हणता येत नाही. हाइजची साक्ष खोडली गेली असती, तरी वर्णनातील उणीव कायम राहिली असती आणि रद्द करण्यास तेवढे एकच कारण पुरेसे होते. तथापि एका पक्षाचा उशिरा आलेला पुरावा ऐकला गेला आणि दुसऱ्याच्या खंडनाची उलटतपासणीही झाली नाही. इतिहासकारांनी (काहींनी तर फारच विश्वासाने) हाइजला श्रेय देताना हा भेद पुरेसा लक्षात घेतलेला नाही. ज्युरीचा निर्णय पेटंटच्या वैधतेपुरता होता. संशोधनाच्या श्रेयाचा तो निवाडा नव्हे.

परवान्याचे बंधन सुटल्यावर ही यंत्रे कोणालाही खुली झाली. आर्कराइटच्या स्वतःच्या गिरण्या चालूच होत्या. १७८६ मध्ये त्याला सरदारकी मिळाली.