दाररुंदीकरण, चाकखुर्चीसाठी

चाकखुर्ची सहज आत-बाहेर करता यावी म्हणून घराच्या प्रवेशद्वाराचा गाळा वाढवण्याचे काम. सिडकोने (स्थापना 1970) वाशी, नेरुळ, बेलापूर भागांत उभारलेल्या जुन्या छोट्या सदनिकांत ही गरज विशेष जाणवते. तिथे राहायला आलेली पिढी आता वृद्ध झाली आहे.

मोजायची ती चौकट नव्हे, दार उघडल्यावर उरणारी मोकळी जागा. केंद्र सरकारच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती 900 मिलिमीटर हवी. थोडीच जागा कमी पडत असेल, तर पल्ला वाटेतून पूर्ण बाजूला नेणाऱ्या बिजागऱ्यांनी त्याच्या जाडीइतकी जागा मिळते, तोडफोड वाचते.

भिंत फोडण्याआधी ती भार पेलणारी आहे का, शेजारी खांब आहे का, हे संरचना अभियंत्याने पाहणे अनिवार्य मानावे. मग वरचा भाग टेकूंवर तोलून जुने लिंटेल काढतात आणि दोन्ही बाजूंना पुरेसा टेका असलेले लांब लिंटेल बसवतात. सोसायटीची संमती आणि गरजेनुसार महापालिकेची परवानगी आधीच घ्यावी. उंबरठा मात्र अनेकदा विसरला जातो. दार रुंद झाले तरी पुढची चाके त्यावरच अडतात. तो सपाट करावा किंवा त्याला उतार द्यावा.