हॉटेलच्या भिंतीवरचे परवाने खरंच 'चालू' आहेत का, हे कसं ओळखायचं?

१६ ऑक्टोबर २०१५. कुर्ल्यातल्या 'सिटी किनारा' हॉटेलात गॅसचा भडका उडाला आणि पोटमाळ्यावर जेवायला बसलेल्या ८ जणांचा मृत्यू झाला. त्यातले बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी होते. या हॉटेलकडे परवाना होता. पण ज्या पोटमाळ्यावर ग्राहकांना बसवलं जायचं, तो बेकायदा होता. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या निष्काळजीपणावर बोट ठेवलं आणि मृतांच्या प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

म्हणजे परवाना मिळाला की विषय संपला, असं नसतं. तो कोणत्या जागेसाठी आहे, त्यातल्या अटी आजही पाळल्या जातात का आणि तपासणी शेवटची कधी झाली, हे सगळं महत्त्वाचं असतं. (आपण मराठीत रेस्टॉरंटला सर्रास 'हॉटेल' म्हणतो, त्यामुळे इथेही तेच.)

एका हॉटेलला किती परवाने लागतात?

एकच खिडकी, एकच कागद असं काही नाही. अन्नाचा परवाना एफएसएसएआयच्या कायद्याखाली मिळतो आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी राज्याचं अन्न व औषध प्रशासन म्हणजे एफडीए करतं. मुंबईत त्याशिवाय महापालिकेचा उपाहारगृह परवाना लागतो. त्याचा आधार १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातलं कलम ३९४. कामगारांसाठी शॉप अ‍ॅक्टची नोंदणी, जिला जुने लोक अजूनही 'गुमास्ता' म्हणतात. दारू द्यायची असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, परमिट रूमसाठी तो एफएल-३. मिठाई किंवा फरसाण वजनावर विकत असाल तर काट्याची पडताळणी आणि तीही इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर दर १२ महिन्यांनी.

खरी डोकेदुखी अशी की यांची कॅलेंडरं वेगवेगळी आहेत. एफएल-३ चं वर्ष ३१ मार्चला संपतं. आगीसंबंधीचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. काट्याची तारीख तिसरीच. त्यामुळे एक कागद अपडेट असतो आणि दुसरा कधी संपला हे गल्ल्यावरच्या माणसाला माहीतही नसतं. मालकाने सगळ्या तारखा एकाच मोबाइल कॅलेंडरमध्ये टाकून महिनाभर आधीचा रिमाइंडर लावला, तर एजंटला ऐनवेळी दिले जाणारे बरेच पैसे वाचतील.

'फॉर्म बी' काय प्रकार आहे?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायदा आहे. आगीपासून बचावाची यंत्रणा बसवली की 'फॉर्म ए', आणि ती यंत्रणा चालू स्थितीत आहे हे सांगणारा 'फॉर्म बी' वर्षातून दोनदा, असा नियम आहे. हे प्रमाणपत्र सरकारमान्य लायसन्स्ड एजन्सी देते, पण ते वेळेत सादर करण्याची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची असते. भाड्याने जागा घेऊन हॉटेल चालवणारे इथे हमखास फसतात, कारण 'ते घरमालक बघतात' असं दोन्ही बाजूंना वाटत असतं.

डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्समधल्या दोन रेस्टॉपब्सना आग लागून १४ जण गेले, तेव्हा काही दिवस शहरभर तपासण्यांचा धडाका सुरू होता. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातल्या हडफडे इथे नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला आणि पुन्हा तेच परवान्यांचे प्रश्न समोर आले.

तपासणीला अधिकारी आले तर काय बघतात?

एफडीएचे अन्न सुरक्षा अधिकारी किचनमध्ये येऊन तपासणी करू शकतात, नमुने घेऊ शकतात. नमुना चार भागांत विभागला जातो आणि विश्लेषकाने अहवाल साधारण १४ दिवसांत देणं अपेक्षित असतं. अहवाल मान्य नसेल तर हॉटेलचालकाला ३० दिवसांत अपील करता येतं. पण चांगलं झाडलेलं किचन दाखवून भागत नाही. कागदही लागतात: कामगारांची वर्षातून एकदा झालेली वैद्यकीय तपासणी, टायफॉइडसारख्या आजारांवरच्या लसीची नोंद, पाण्याचा अहवाल, पेस्ट कंट्रोलची पावती. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असावा, असंही एफएसएसएआय सांगतं. हॉटेलात पोरं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. त्यामुळे वैद्यकीय तपासणीची फाइल सर्वात आधी जुनी होते.

त्रुटी सापडली म्हणून लगेच टाळं लागतं असं नाही. कलम ३२ खाली आधी सुधारणा नोटीस येते आणि त्यात किमान १४ दिवस दिले जातात. तरीही सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो, पुढे रद्दही. अस्वच्छतेसाठी १ लाखापर्यंत दंड आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी: अधिकाऱ्याने विनाकारण छळ केला, तर त्यालाही कलम ३९ खाली १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद फार कमी हॉटेलवाल्यांना ठाऊक असते.

मालक बदलला किंवा वारला तर?

घरगुती खानावळींमध्ये हा प्रश्न नेहमी येतो. परवाना वडिलांच्या नावावर, ते गेले, मुलगा त्याच भिंतीवरच्या कागदावर वर्षानुवर्षं धंदा करतो. नियमानुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांसाठी तो ९० दिवस चालू राहतो. तेवढ्या मुदतीत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. जागा बदलली तरी जुना परवाना सोबत नेता येत नाही, कारण तो त्या पत्त्याचा असतो. क्लाउड किचनलाही हेच लागू. एफएसएसएआयने २०१८ मध्येच फूड डिलिव्हरी अ‍ॅप्सना परवाना नसलेली हॉटेलं यादीतून काढायला सांगितलं होतं.

ग्राहक म्हणून तुम्ही काय तपासाल?

१ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी १५ (केंद्रीय परवान्यात तिथे ०० असतं). त्यापुढचे दोन वर्षाचे. हा क्रमांक 'फॉसकॉस' वेबसाइटवरच्या एफबीओ सर्चमध्ये टाका. परवाना कोणाच्या नावावर, कोणत्या पत्त्यावर आहे आणि चालू आहे का, हे दिसतं. पत्ता भलत्याच ठिकाणचा निघाला, तर समजा तुमच्यासमोरच्या किचनला परवानाच नाही.

तक्रार एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर किंवा राज्याच्या एफडीएच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर करता येते. बिलाचा फोटो काढून ठेवा. क्रमांक, तारीख आणि वेळ तिन्ही त्यावर असतात.