थरथर आणि फडफड

बोनकोडे गावठाणातल्या एकाच घरातल्या दोन जावा १९९४च्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. तक्रार एकच, छातीत धडधड. कार्डिओग्राम काढले तर आजार निघाले दोन. पंचेचाळिशीच्या धाकटीला एट्रियल फिब्रिलेशन आणि साठी उलटलेल्या थोरलीला एट्रियल फ्लटर. थोरलीने सरळ विचारले, "डाक्टर, दोघींत वायट कोनाचा?" मी हसून म्हणालो, "काकी, तुमचे बरे आहे. जपायचे ते धाकटीला." या उत्तराला तेव्हा पुस्तकांचा आधार होता. तो कसा तयार झाला आणि कसा ढासळला, त्याची ही हकिकत.

मंडळी, हृदयाचे वरचे दोन कप्पे रक्त गोळा करतात आणि खालचे दोन ते पुढे ढकलतात, हे आपण शाळेत शिकलो. फिब्रिलेशन म्हणजे वरच्या कप्प्यांची थरथर. मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत लहरी उठतात. त्यांतली कुठली खाली पोचेल याचा नेम नसतो, त्यामुळे नाडीचा एक ठोका दुसऱ्यासारखा लागत नाही. फ्लटर म्हणजे फडफड. बहुधा उजव्या वरच्या कप्प्यात एकच लहर गोल फिरत राहते, मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्या. दर दुसरी फेरी खाली उतरली की नाडी १५०, वेगवान पण नियमित. बोटाखाली नियमित लागणारी नाडी डॉक्टरालाही धीर देते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

नाडीचा हा बेताल जुन्या वैद्यांनाही ठाऊक होता, कारण मात्र कळत नव्हते. इंग्लंडातल्या बर्न्ली गावी साधी प्रॅक्टिस करणाऱ्या जेम्स मॅकेन्झीने नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल कागदावर उमटवायला सुरुवात केली. काही रुग्णांत वरच्या कप्प्याची लाट आलेखातून नाहीशीच झालेली त्याला दिसली. त्याला वाटले, कप्प्याला लकवा झाला असावा. १९०९ साली लंडनच्या थॉमस लुईसने आइंथोव्हेनच्या नव्या कार्डिओग्राम यंत्राच्या मदतीने दाखवले की कप्पा लुळा पडलेला नसून थरथरतो आहे, आणि हा आजार दुर्मीळही नाही. दोनच वर्षांनी, १९११ साली, एडिंबरोच्या जॉली आणि रिची यांनी फडफडीचे आलेख प्रसिद्ध केले. दोन आजार वेगळे झाले ते असे.

औषधाची गोष्ट मात्र आपल्या किनाऱ्याला जवळची आहे. हिवतापावरचे कोयनेल इथल्या जुन्या माणसांना चांगले आठवते. एके काळी त्याच्या पुड्या पोस्टातही मिळत. १९१२ साली वेंकेबाख या डच डॉक्टरकडे एक व्यापारी आला आणि म्हणाला, कोयनेल घेतले की माझी बिघडलेली नाडी सुधारते. डॉक्टरचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ नियमित नाडी घेऊन हजर! त्यातूनच पुढे कोयनेलचे भावंड क्विनिडिन वापरात आले. पण फडफडीत ते एकटे दिले तर वरची लहर थोडी मंदावते आणि मग तिची प्रत्येक फेरी खाली उतरू शकते. नाडी १५० वरून दोनशेच्याही पुढे जाते. म्हणून आधी डिजिटालिस देऊन वाट अडवायची, असा दंडक पडला. फडफड निरुपद्रवी नाही, याची ही पहिली खूण होती. आम्ही ती औषधाचा दोष म्हणून पाठ केली.

थरथरीचा खरा धोका ठोक्यांत नाही, गुठळीत आहे. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, डाव्या बाजूच्या कानासारख्या कोपऱ्यात रक्त साचते, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीने १९७८ साली आकडा दिला. फिब्रिलेशनमध्ये पक्षाघाताचा धोका पाचपटींहून अधिक, आणि ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब झाली असेल तर सतरापटींहून अधिक. धाकटीची मायट्रल झडप अशीच आक्रसलेली होती. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले, ते तेल चोळून बरे केले गेले. खाडीपूल झाला १९७३ साली. त्याआधी या गावांतून मुंबईचे इस्पितळ गाठायचे तर होडी किंवा ठाण्याचा वळसा. धाकटीला मी रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन सुरू केले. थोरलीला फक्त रक्तदाबाच्या आणि नाडी आवरण्याच्या गोळ्या दिल्या.

चार महिन्यांनी थोरलीचा उजवा हात गळला आणि वाचा गेली.

फडफडीत कप्पा तालात हलतो, म्हणून गुठळी होत नाही, असे आम्ही शिकलो होतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णांच्या नोंदी नीट तपासल्या गेल्या, तेव्हा गुठळ्या फडफडीतही सापडल्या. शिवाय फडफडीच्या अनेक रुग्णांना अधूनमधून थरथरही होत असते. आता रक्त पातळ करण्याचा नियम दोन्हींना सारखाच आहे. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात हे पाहून ठरवायचे. थोरलीचे वय आणि रक्तदाब माझ्या समोरच्या कागदावर होते.

एका बाबतीत मात्र तिचा आजार खरोखर बरा होता. नेहमीच्या प्रकारच्या फडफडीत मांडीच्या शिरेतून तार नेऊन लहरीच्या वाटेवरची अरुंद पट्टी जाळली, तर शंभरातल्या नव्वदहून अधिकांची फडफड थांबते. थरथर इतकी सरळ नाही. तिच्या ठिणग्या बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांत उठतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या हायसागेर यांनी १९९८ साली दाखवले. पण तो उपचार अनेकदा पुन्हा करावा लागतो.

२००९ नंतर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आल्या. त्यांना दर महिन्याची रक्ततपासणी लागत नाही. ती सोय धाकटीला मिळाली नाही. ऱ्हुमॅटिक झडपेच्या रुग्णांत जुनीच गोळी अधिक जीव वाचवते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. त्यामुळे ती अजून वॉरफरिनवर आहे. महिन्याला येते आणि कमरेच्या पिशवीतून तपासणीचा घडी केलेला कागद काढून पुढे करते. मी आकडा वाचतो. थोरलीचा विषय ती काढत नाही, मीही नाही.